स्वखुशीने हजर

"केसातल्या पिना काढ. बांगड्या बी काढ. अन् हे काय व हातात? चिमटा? दे इकडं."

हवालदाराने टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं. मी त्यावर एकेक वस्तू ठेवत गेले. चार पिना. सहा काचेच्या बांगड्या. बारीक टोकाचा चिमटा, ज्यावर माझं पोट चालतं. मग पदराची सेफ्टी पिन. ती काढली तसा पदर खांद्यावरून घसरायला लागला. मी तो एका हाताने धरून उभी राहिले.

"मंगळसूत्र राहू दे," तो म्हणाला. तेवढी मेहेरबानी केली.

समोरच्या बाकावर आमच्या गावची सुमनकाकू बसली होती. तिची शेळी हरवली होती, तक्रार द्यायला आली होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या बांगड्यांकडे, आणि हवालदाराला हळूच विचारलं, "काय केलं हो हिनं?"

"काही नाही केलं. मंत्री येऊन राह्यले ना आज. येड्या माणसाचा काय भरोसा?"

हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. आवाज चढवला नाही. राग नव्हता त्याला माझा. बोलता बोलता बशीत चहा ओतत होता. मी काही केलं नाही हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि तरी मी पदर धरून उभी होते. सुमनकाकूने मान खाली घातली. मला वाटलं, तिने माझी लाज राखायला खाली बघितलं. नंतर वाटलं, तिला भीती वाटली असेल. माझी.

सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत मी त्या ठाण्यात बसले. मंत्र्यांच्या गाड्या तालुक्याबाहेर गेल्याचा फोन आला तेव्हा मला आणि माझ्यासारखं बसवून ठेवलेल्यांना सोडलं. चिमटा परत देताना हवालदाराने तो दोन बोटांत धरून उघडझाप करून बघितला आणि हसला.

ही पहिली खेप नव्हती. सहावी असेल, नाहीतर सातवी. पण त्या दिवशी गावातलं माणूस समोर होतं, म्हणून ती लक्षात राहिली.

आधी माझ्या आजाराचं सांगते. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि लपवून उपयोगही नाही. गावाने सगळं बघितलं आहे.

माझी मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा मला दुसरं बाळ झालं. मुलगा. आठव्या दिवशी तो गेला. त्यानंतर माझी झोप गेली. बाळ रडतंय असं ऐकू यायचं. विहिरीतून, तुरीच्या रानातून, शेजारच्यांच्या घरातून. मी शेजारच्यांच्या घरात शिरून त्यांची पेटी उघडली होती. गळ्यात गंडे बांधले, नवस बोलले, कोणी म्हणेल तिथे नेलं. माझा नवरा मला स्वतःच्या हाताने घास भरवायचा आणि मी तो बाळासाठी पदरात बांधून ठेवायची.

एक दिवस रस्त्याने मंत्र्यांच्या गाड्या चालल्या होत्या. मोठ्या पांढऱ्या गाड्या, भोंगे, वर दिवे. मला वाटलं, माझं बाळ त्यातल्या एका गाडीत आहे. मी शेतातून धावत सुटले. मधल्या गाडीसमोर उभी राहिले, बोनटवर दोन्ही हात आपटले आणि ओरडले, "माझं लेकरू द्या." कोणाला खरचटलंही नाही. माझा एक हात तेवढा सुजला. पोलिसांनी मला बाजूला ओढलं, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याने बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे मला मॅडम भेटल्या. मानसिक आजाराच्या डॉक्टर. त्यांनी पहिल्यांदा मला विचारलं, बाळाचं नाव काय ठेवणार होतात. तोवर मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी खूप रडले. गोळ्या सुरू झाल्या. आवाज एकदम गेले नाहीत, लांब लांब गेले, मग थांबले. दीड वर्षाने मी कामावर जायला लागले. त्या आजाराला आता दहा वर्षं झाली. एक गोळी मी आजही रोज घेते. ती न चुकता घेणं हेही एक कामच आहे, आणि मी ते कधी चुकवलेलं नाही.

माझं पोटाचं काम म्हणजे शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचं क्रॉसिंग. आमच्या भागात पुष्कळ बायका हे करतात. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी ओळखायची, चिमट्याने ती उघडायची आणि आतला नर, म्हणजे परागाचे तुरे, अलगद काढून टाकायचा. मादीला धक्का लागता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या जातीचा पराग बोटाने लावायचा आणि खूण म्हणून देठाला धागा बांधायचा. सकाळ चुकली की फूल वाया जातं. एक कळी नजरेतून सुटली की ती आपली आपण फळते, आणि सगळ्या बियाण्यात भेसळ होते. डोळा आणि हात दोन्ही थंड लागतात. शेडमध्ये दहा-बारा बायका असतात. नवीन बाई आली की तिला माझ्या ओळीत देतात, शिकायला. त्या मला येडी म्हणत नाहीत. निदान तोंडावर नाही.

ठाण्यात मात्र एक यादी आहे. मोठा माणूस येणार असला, निवडणूक असली, मिरवणूक असली की ती यादी निघते. त्यात मारामारी करणारे असतात, दारू विकणारे असतात. सगळ्यात शेवटी रेघ मारून खाली आम्ही. तिथे लिहिलेलं आहे, मनोरुग्ण. मी गाडीसमोर उभी राहिले त्या दिवशी माझं नाव त्यात गेलं. मी बरी झाले. नाव बरं झालं नाही.

पहिल्यांदा जीप थेट दारात आली होती. त्या खेपेला सही घेतली नव्हती, म्हणून ती मी मोजत नाही. सकाळची वेळ, गल्लीत पाण्याची गर्दी. दोन पोलीस, एक बाई पोलीस. सगळी गल्ली हंडे खाली ठेवून बघत होती. माझा नवरा भाजीचा धंदा करतो, धाड गावच्या बाजारात बसतो, चार लोकांत ऊठबस असलेला माणूस. त्याला ते फार लागलं. तो वाईट माणूस नाही. मी आजारी असताना लोकांनी त्याला दुसरं लग्न कर म्हणून सांगितलं, त्याने केलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात तोही आहे आणि मीही आहे.

तो ठाण्यात जाऊन हवालदाराच्या पाया पडला. म्हणाला, "जीप नका पाठवू साहेब. तुमी फोन करा फक्त. मीच आणून सोडतो तिले."

त्यांना काय, बरंच झालं. डिझेल वाचलं. तेव्हापासून आदल्या दिवशी फोन यायचा. नवरा मला मोटरसायकलवर बसवायचा, लोक बघतील म्हणून शेताच्या वाटेने न्यायचा, सोबत डबा. ठाण्यात रजिस्टर होतं. हवालदार त्यात लिहायचा, "खबरदारी म्हणून. स्वखुशीने हजर." आणि माझ्यापुढे सरकवायचा. मी नववी शिकलेली आहे. मला वाचता येतं. मी ते वाचून सही करायची.

खरं सांगायचं तर तो शब्द आम्हाला बरा वाटायचा. ओढून आणली असं लिहिण्यापेक्षा स्वखुशीने हजर हे जरा माणसासारखं दिसतं, असं मला वाटायचं, नवऱ्यालाही वाटायचं. गल्लीसमोर जीप आली नाही, इज्जत वाचली. एवढंच आम्ही बघत होतो. आपण कशावर सही करतोय ते कळायला मला अकरा खेपा लागल्या.

आणि तिथे किसनबुवा असायचा. शेजारच्या गावचा, साठीचा माणूस. दिवसभर एसटी स्टँडवर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बसला सलाम ठोकतो. स्वतःशी बोलतो. त्याला घरचं कोणी नाही, त्यामुळे त्याला दवाखान्यात कोणी नेलं नाही. त्याने आजवर कोणाला दगड मारलेला मी ऐकलेलं नाही. त्याला स्टँडवरून उचलून आणायचे आणि पळून जातो म्हणून त्याच्याच गमच्याने खिडकीच्या गजाला एक हात बांधून ठेवायचे. दुसरा हात सलामाला मोकळा.

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायची. जेवढं लांब बसता येईल तेवढं. मी त्याच्यासारखी नाही, हे दिसावं म्हणून. एकदा तो म्हणाला, "माय, पाणी दे व थोडं." माझ्याजवळ बाटली होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्याला पाणी दिलं असतं तर हवालदाराने आम्हा दोघांना एकात धरलं असतं, ही माझी भीती. थोड्या वेळाने त्याला लघवीला जायचं होतं. तो सांगत होता. कोणी सोडलं नाही. त्याचा पायजमा ओला झाला, फरशीवर ओघळ माझ्याकडे आला. मी पाय वर घेतले.

तेव्हा मी एवढंच केलं. पाय वर घेतले. आज ते आठवलं की मला हवालदाराचा राग येत नाही तेवढा माझा येतो.

मग ती अकरावी खेप. आदल्या दिवशी मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं, आणि भाकरीच्या टोपल्यात डोकावून म्हणाली, "आई, उद्या तुले ठाण्यात जा लागते ना? मंत्री येऊन राह्यले. आम्हाले लेझीम खेळाले नेणार हायत. तुया डबा मी भरून ठेवू का?"

ती तेरा वर्षांची आहे. तिच्या आवाजात लाज नव्हती, दुःख नव्हतं, काही नव्हतं. मैत्रिणीची आई बाजाराला जाते, हिची आई मंत्री आले की ठाण्यात जाते. ती रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. तिने डबा काढला, पुसला आणि विचारलं, "चटणी टाकू का लोणचं?"

मी म्हटलं, चटणी टाक.

दुसऱ्या दिवशी मी गेले. पिना काढल्या, बांगड्या काढल्या, सही केली, बसले. शाळेचं मैदान ठाण्यापासून फार लांब नाही. अकरा-साडेअकराला लेझमीचा आवाज सुरू झाला. माझी मुलगी पहिल्या ओळीत होती, पंधरा दिवस घरी झाडू हातात धरून सराव करत होती. बाकीच्या मुलींच्या आया मैदानावर उभ्या होत्या. ज्या माणसाच्या स्वागताला माझी मुलगी नाचत होती, त्याच माणसासाठी मला बाकावर बसवलं होतं. मी हवालदाराला म्हटलं, "भाऊ, पाच मिनिटं खिडकीपाशी उभी राहू का?" तो म्हणाला, "बस गप." मी बसले. लेझीम संपेपर्यंत डोळे मिटून नुसती ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हवालदार दुसऱ्याला म्हणाला, "पाह्य, कारण नाही काही नाही, रडून राह्यली."

त्याच आठवड्यात माझी दवाखान्याची तारीख होती. मी मॅडमना सगळं सांगितलं. दहा वर्षं त्या मला झोप लागते का, भूक लागते का विचारत होत्या, आणि हे मी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, तो पोलिसांचा विषय, हा दवाखान्याचा. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं जायला?"

"फोन येते."

"फोन आला म्हणून जायचं? हे बघा, आजारी माणूस रस्त्यावर सापडला, त्याच्यापासून त्याला किंवा दुसऱ्याला धोका दिसला, तर पोलिसांनी त्याला इथे आणायचं. दवाखान्यात. का आणलं ते त्याला सांगायचं. ठाण्यात बसवून ठेवायचं नाही. तसा कायदा आहे. आणि तुम्ही तर बऱ्या आहात."

त्यांनी मला दाखला लिहून दिला. आजार नियंत्रणात आहे, उपचार नियमित आहेत, कोणताही धोका नाही. खाली शिक्का. मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरून आणला. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की मी स्टँडवर उतरून मुलीसाठी पाव किलो जिलेबी घेतली.

ठाण्यात नवीन साहेब आले होते. पुण्याकडचे. मी दाखला दिला आणि म्हटलं, "साहेब, मायं नाव यादीतून काढा. मले आता काही नाही." माझं 'मले' ऐकून ते थोडे हसले. मग दाखला वाचला आणि मोठ्याने हसले.

"आम्ही शहाणे आहोत असं आम्ही लिहून आणतो का कुठून? ज्याला लिहून आणावं लागतं तोच वेडा." बाजूचे दोघं हसले. मग त्यांनी रजिस्टर मागवलं, पान उघडून माझ्याकडे फिरवलं. "आणि तुम्हाला डांबलं कोणी? ही सही कोणाची? स्वखुशीने हजर. अकरा वेळा. आम्ही काही कारवाई केली असती तर कागद केला असता, कोर्टात उत्तर दिलं असतं. तुम्ही येऊन बसता, आम्ही बसू देतो."

अकरा सह्या. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बाईंनी कौतुक केलं होतं. मी त्या सह्यांकडे बघत उभी राहिले. लाज वाचवायला आम्ही जी वाट काढली होती, तिनेच त्यांचे हात मोकळे केले होते. जीप दारात आली असती, गल्लीने बघितलं असतं, तर निदान दहा माणसांनी सांगितलं असतं की हिला नेलं. मी घरी आले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाही. नवऱ्याने हळूच माझ्या गोळ्यांचं पाकीट उघडून मोजलं. मी बघितलं. तेही मला लागलं. मी दुःखी असले की या घरात आधी गोळ्या मोजतात.

पुढचा फोन आला तेव्हा नवऱ्याच्या हातून मी फोन घेतला आणि सांगितलं, "मी येणार नाही." आणि कामावर गेले.

नऊच्या सुमाराला जीप शेडवर आली. पराग लावायची वेळ. शेडमध्ये शिरताना आम्ही चपला बाहेर काढतो, हात धुतो आणि पडदा लगेच ओढून घेतो, पराग इकडचा तिकडे करणारी माशी आत येऊ नये म्हणून. हवालदार आणि बाई पोलीस बुटासकट आत आले आणि पडदा उघडाच टाकला. शेडवाल्याने त्यांना अडवलं नाही. एवढंच म्हणाला, "पडदा लावा हो साहेब, माशा येतीन." मला न्यायला त्याची हरकत नव्हती, माशांना होती.

"चाल व ताई, साहेबानं बलावलं," बाई पोलीस म्हणाली. चांगल्या स्वभावाची पोरगी होती ती.

"कागद हाय का?"

"कायचा कागद?"

"मले काऊन नेऊन राह्यले, ते लिहेल कागद."

हवालदार बायकांकडे बघून म्हणाला, "झालं, चढलं हिले. काय व, गोळी घेतली का नाही आज?"

मला आतून असा राग आला की हातातली परागाची डबी फेकून मारावी. आणि त्याच क्षणी भीती वाटली. ओरडले तर म्हणणार, वेडाचा झटका आला. रडले तर झटका. धावले तर झटका. दुसरी कोणतीही बाई या जागी ओरडली असती तर लोक म्हणाले असते, चिडली बिचारी. मला चिडायची सोय नव्हती. मी पुढच्या फुलाला पराग लावला, धागा बांधला आणि खालच्या आवाजात म्हटलं, "घेतली. तुमी कागद आना. मी येतो."

"कागद-बिगद नाही. चाल."

मी ओळीत खाली बसले. मातीत. बायका खाली बघून पराग लावत राहिल्या. त्यातल्या शोभाने मात्र हातातलं काम टाकलं आणि म्हणाली, "ती चांगली हाय साहेब. सकाळपासून मायासंग काम करून राह्यली. तिले कायले नेता?" हवालदाराने आणि बाई पोलिसाने मला दोन्ही दंडांना धरून उचललं. माझे पाय मातीत घासत गेले, दोन झाडं मोडली. मी ओरडले नाही. ओठ चावून धरले होते, नंतर बघितलं तर रक्त आलं होतं.

ठाण्यात हवालदाराने सवयीने लिहिलं, स्वखुशीने हजर. रजिस्टर सरकवलं. "कर सही."

मी पेन घेतलं आणि त्याच्या ओळीखाली लिहिलं. "मी स्वखुशीने आलेली नाही. मला कामावरून उचलून आणलं आहे. कारण सांगितलेलं नाही. मी आज आजारी नाही." आणि त्याखाली सही केली. त्याला वाटलं मी नुसती सही करते आहे, म्हणून तो दुसरीकडे बघत होता. वाचलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्या रजिस्टरच्या पानांवर छापील नंबर असतात. पान फाडता येत नाही, खोडलं तर वर उत्तर द्यावं लागतं. दहा वर्षांत त्या माणसाला मी पहिल्यांदा घाबरलेलं बघितलं.

मग मी बाकावर गेले आणि किसनबुवाच्या शेजारी बसले. त्याला पाण्याची बाटली दिली. त्याने एका हाताने ती गटागटा संपवली आणि मला सलाम ठोकला, बसला ठोकतो तसा. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. त्याने किती वर्षांपूर्वी पाणी मागितलं होतं.

साहेबांनी लिहिलं की ही बाई आक्रमक झाली, आणि मला त्याच जीपने तपासणीला बुलढाण्याला पाठवलं. मॅडमनी तासभर तपासलं. माझ्या दंडावरचे वळ त्यांनी कागदावर लिहिले. खाली लिहिलं, आजाराचं कोणतंही लक्षण नाही. सरकारी मोफत वकिलाकडे मला त्यांनीच पाठवलं. वकिलाने ठाण्याविरुद्ध तक्रारीचा अर्ज लिहून दिला आणि मी तो पोलिसांच्या जिल्ह्याच्या कचेरीत नेऊन दिला, पोच घेतली.

त्यानंतर शेडवाल्याने निरोप पाठवला, या हंगामात येऊ नको, पोलीस येतात, कंपनीचे लोक नाराज होतात. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलू लागला. माझे हात दिवसभर रिकामे राहायला लागले आणि मला रिकाम्या हातांची फार भीती वाटते. ते दिवस वाईट होते. अर्ज दिला म्हणून मला काही बळबीळ आलं नव्हतं. मी सकाळी उठून चिमटा हातात घेऊन बसायची.

महिन्याभराने साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. या खेपेला खुर्च्या दिल्या. चहा मागवला. 'ताई' म्हणाले.

"ताई, वरून विचारणा झाली आहे. तुमचं नाव मी यादीतून काढून टाकतो. आजच, तुमच्यासमोर. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की आधी अकरा वेळा तुम्ही स्वतःहून आला होतात आणि तुमची काही तक्रार नाही."

नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याने माझा हात धरला, पोलिसांसमोर, पहिल्यांदा. "दे न व लिहून. खतम होते सारं. पोरीचं बी चांगलं होईन."

दहा वर्षं मला एवढंच हवं होतं. नाव निघावं. साहेबांनी पेन पुढे केलं होतं. मी विचारलं, "अन् किसनबुवा?"

"तो?" साहेब हसले. "अहो, तो तर खरोखरच वेडा आहे."

हेच मी मनात म्हणत आले होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून, पाय वर घेऊन. मी बरी आहे म्हणून मला सोडा. म्हणजे जो बरा नाही त्याला बांधा. माझा दाखला हातात धरून मी हेच मागत होते. आणि माझा आजार उद्या परत आला तर? मॅडम म्हणतात, येऊ शकतो. मग तो दाखला गेला, आणि त्या गजाला माझा हात.

मी पेन टेबलावर ठेवलं. म्हटलं, "राहू द्या साहेब मायं नाव."

नवऱ्याने माझा हात सोडला. तो उठून बाहेर गेला. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. त्याने माझ्यासाठी खूप सोसलं आहे आणि मी त्याला सुटका दिली नाही. तो घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "तुले काय मिळते याच्यातून?" मुलीने त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "आई, तुले तिथं काऊन बसवत होते?" तिला मी सगळं सांगितलं, बाळापासून. ती रडली. बराच वेळ रडली. मी तिला थांबवलं नाही.

वकिलाकडे जाऊन मी आधीच्या अर्जाला पुरवणी लिहून घेतली, तिच्यात दुसरं नाव घातलं. किसनबुवाचं आडनाव कोणालाच माहीत नव्हतं. मी त्याच्या गावी जाऊन ग्रामपंचायतीत विचारून ते लिहून आणलं.

पुढच्या आठवड्यात परत कोणीतरी मोठा माणूस येणार आहे. रस्त्यावर चुना टाकायला सुरुवात झाली आहे. काल फोन आला. मी सांगितलं, येणार नाही. आणायचं असेल तर कारण लिहून आणा आणि खाली तुमची सही करा. त्या दिवशी सकाळी मी एसटी स्टँडवर किसनबुवाच्या शेजारी बसणार आहे. त्यालाही कागदाशिवाय नेऊ देणार नाही.

मी पुन्हा आजारी पडू शकते. पडले तर मला दवाखान्यात न्या. मला कळत नसलं तरी मला सांगा, कुठे नेताय आणि का नेताय. पण त्या बाकावर मी बसणार नाही. बरी असताना नाही आणि आजारी असतानाही नाही. स्वखुशीने तर नाहीच.